बटण ऐकत नाही : झाडीपट्टीच्या नाटकातला कीबोर्ड आणि आपली समीक्षा

विषयाची पाटी वाचून दोघातिघांनी बाहेरच विचारलं, की आजचं व्याख्यान समीक्षेचं आहे की रिपेअरिंगचं? दोन्हीचं आहे. आणि ही दोन कामं वेगळी मानल्यामुळेच आपल्याकडच्या नाट्यसंगीताबद्दल बरंच चुकीचं बोललं गेलं, असं आम्हाला म्हणायचं आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईकडचेही लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी नट स्वतः गातात, संगीताची साथ जागेवर, जिवंत. तालमी कमी होतात, म्हणून प्रॉम्प्टर असतो. या रंगभूमीची दखल आता दूरवर घेतली जाते. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहेच. गोंदियात, विशेषतः अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे, नाटक म्हणजे वर्षाचा हिशेब असतो. जावई, लेकी, पाहुणे, सगळे त्या रात्रीसाठी येतात.

आता तक्रार काय? झाडीपट्टीच्या नाटकाचं कौतुक करणारा माणूससुद्धा संगीतावर आला की नाक मुरडतो. पूर्वी ऑर्गन होता, तबला होता, नाट्यपदं होती. आता कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आले आणि सगळं एकसुरी झालं. प्रत्येक रडण्याला तोच व्हायोलिनसारखा टोन, प्रत्येक खलनायकाला तोच ढुम्म. वादक ठोकळेबाज झाले, त्यांना नवं काही करायचं नाही. ही वाक्यं आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत, की कोण बोललं हे आता आठवत नाही.

एकसुरीपणा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नाटक संपल्यावर, पहाटे, वायरी गुंडाळताना वादकाला विचारलं तर तो साधं उत्तर देतो. "दुसरा टोन लावला असता जी, पण हे बटन ऐकत नाही."

मराठीत 'ऐकत नाही'चे दोन अर्थ होतात. कानावर जात नाही, आणि सांगितलेलं करत नाही. पोरगं ऐकत नाही, बैल ऐकत नाही, बटण ऐकत नाही. इंजिनिअर म्हणेल, स्विच सदोष आहे. वादक म्हणतो, ऐकत नाही, म्हणजे त्याच्या मते बटणाशी त्याचं काहीएक नातं आहे आणि ते बिघडलं आहे. हा शब्दप्रयोग आम्हाला जास्त अचूक वाटतो. का, ते पुढे येईल.

आधी बटणाच्या आत काय असतं ते पाहू. कीबोर्डवरची बरीचशी बटणं रबराची असतात. रबराच्या टोपीखाली काळी, कार्बन मिसळलेली टिकली. खाली सर्किटबोर्डवर एकमेकांत बोटं घातल्यासारख्या दोन रेषा. बटण दाबलं की टिकली दोन्ही रेषांवर टेकते आणि वीज वाहण्याचा रस्ता तयार होतो. पण टिकली धातूची नाही, तिला स्वतःचा विद्युतरोध असतो. धूळ, ओल, रबरातून सुटणारा तेलकटपणा, यांनी तो रोध वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे गेला की आतल्या चिपच्या लेखी बटण दाबलंच गेलेलं नाही. तुम्ही अंगठ्याने जोर लावा, बोटाचं नख पांढरं होऊ द्या, काही फरक नाही. कधी अगदी जोरात दाबलं तर ऐकतं, म्हणून वादक पुढच्या वेळी आणखी जोरात दाबतो, आणि रबर आणखी झिजतं.

छोटी टक्-टक् वाजणारी बटणं असतात, त्यांत धातूची पातळ वाटी असते. ती गंजते. शिवाय तिची एक खोड आहे. कुठलाही धातूचा संपर्क जुळताना क्षणभर थरथरतो, म्हणजे एका दाबात तो अनेकदा जुळतो-तुटतो. यंत्रातल्या प्रोग्रॅमला हे माहीत असतं, तो काही मिलिसेकंद थांबून मगच दाब मोजतो. बटण जुनं झालं की थरथर त्या थांब्यापेक्षा लांबते. मग एक दाब दोन मोजला जातो. आता कल्पना करा. बाप मरणशय्येवर आहे, वादकाला पॅच बारावरून तेरावर जायचं आहे, तेरावर सनई बांधून ठेवलेली आहे. तो दाबतो, आणि यंत्र चौदावर जातं. चौदावर लावणीची ढोलकी. (हशा) हसू येतं, पण त्या रात्री ज्याच्यावर हसले त्याच्या पोटाचा तो प्रश्न असतो. असा एक अनुभव आला की माणूस काय करतो? बटणाला हात लावणंच सोडून देतो. रात्रभर बारावरच राहतो. आणि आपण लिहितो, एकसुरी.

नॉबची गोष्ट निराळी. जुन्या पद्धतीच्या नॉबमध्ये कार्बनची गोलाकार पट्टी असते, तिच्यावरून एक धातूची जीभ फिरते. पट्टीवर धूळ बसली की खरखर येते, हे रेडिओच्या जमान्यापासून सगळ्यांना माहीत आहे. आवाज वाढवायला जावं तर मध्येच गायब होतो, मग एकदम अंगावर येतो. दुसरे नॉब न थांबता गोल गोल फिरणारे, एन्कोडर. त्यात दोन संपर्क असतात, कुठला आधी जुळला त्यावरून यंत्र ठरवतं की तुम्ही उजवीकडे फिरवलं की डावीकडे. एक संपर्क मळला की यंत्राची दिशाच चुकते. उजवीकडे फिरवावं तर आकडा कमी होतो. बैलगाडी मागे जाते आणि गाडीवानाला कळत नाही कासरा कुठला ओढू.

हे सगळीकडेच होतं. मग गोंदियाचं विशेष काय? नाटकाचा हंगाम आणि मळणीचा हंगाम जवळपास एकच. हवेत धानाचा भुसा असतो. गावात राईस मिल असेल तर कोंड्याची बारीक पूड घराघरात असते, तशी कीबोर्डमध्येही. त्यात हिवाळ्याची रात्र, उघडा मंडप, तलावांचा प्रदेश. पहाटे दव पडतं ते वाद्यावरही पडतं. दिवसा तेच वाद्य गाडीत, पुढच्या गावाच्या रस्त्यावर, उन्हात. ओल, धूळ, हादरे, ऊन, आणि पुन्हा ओल. इलेक्ट्रॉनिक वस्तूला सतावायचं ठरवून कुणी वेळापत्रक आखलं असतं, तर याहून वेगळं काय आखलं असतं?

आणि वाद्य फक्त नाटकाचं राहत नाही. हंगाम संपला की लग्नसराई. नागपूरपासून पार रायपूर-दुर्गपर्यंत धुमालचं वेड आहे, गोंदिया त्याच रेल्वेमार्गावर. गाडीवर चढवलेले स्पीकर, कीबोर्ड, पॅड, मिरवणूक. गणपतीत वर गुलाल. गुलाल बटणाच्या कडेने आत शिरला की तो बाहेर येत नाही. एखाद्या वाद्याचं झाकण उघडलं तर आत गुलालाचा, भुशाचा, भंडाऱ्याचा थरावर थर सापडतो. त्या वाद्याने वर्षभर काय काय वाजवलं ते त्यात वाचता येतं.

आता मुख्य मुद्दा. आमची टीका धुळीवर नाही. धूळ राहणारच. टीका आहे ती वाद्याच्या रचनेवर.

थोडं मागे जाऊ. १९७० सालचा मिनीमूग घ्या, केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात वापरलेला. त्याच्या पॅनेलवर एका कामाला एक नॉब. एक नॉब बिघडला तर एक काम अडतं, बाकी वाद्य शाबूत. नॉबच तिथे वाद्याचा भाग होता. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. तो टीबी-३०३ बाजारात पडला, १९८४ला त्याचं उत्पादन थांबलं, आणि पुढे शिकागोच्या पोरांनी तो जुन्या बाजारातून उचलून त्याचे नॉब वाजता वाजता फिरवले. १९८७चं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' त्यातून आलं. अख्खी संगीतशैली नॉब फिरवण्यातून जन्मली. म्हणजे नॉब ही वाद्याची सेटिंग नव्हे, नॉब हे वादन आहे.

मध्येच, १९८३ साली, यामाहाचा डीएक्स-७ आला. अफाट ताकदीचं वाद्य, जगभर खपलं. पण पॅनेलवर नॉब जवळजवळ नाहीतच. सपाट, उठाव नसलेली बटणं, आणि आवाज घडवायला एक सरकपट्टी. आधी बटणाने सांगायचं की मला अमुक गोष्ट बदलायची आहे, मग त्या एकाच पट्टीने ती बदलायची. हे स्वस्त पडतं. नॉब महाग असतो, त्याला भोक पाडावं लागतं, वायर लागते. बटण आणि मेनू स्वस्त. पुढची बहुतेक घरगुती आणि मध्यम किमतीची वाद्यं याच वाटेने गेली. आज वादकाच्या मांडीसमोरच्या कीबोर्डवर शेकडो टोन असतात, आणि त्या शेकडो टोनकडे जाणारी वाट म्हणजे एक डायल आणि अधिक-उणे अशी दोन बटणं. वाडा केवढा, अन् दार एकच. दाराची कडी अडकली की आतल्या शेकडो खोल्या असून नसून सारख्या.

आम्ही याला रचनेतला अन्याय म्हणतो. शब्द मोठा वाटेल. पण विचार करा, जाहिरातीत आकडा टोनचा छापतात. बटण किती लाख दाब टिकेल, धुळीत किती टिकेल, हे खोक्यावर कुठे छापलेलं असतं? वादक पैसे मोजतो ते टोनच्या आकड्याचे. हातात उरतं ते बटणाच्या आयुष्याएवढं.

याच्या शेजारी जुना ऑर्गन ठेवा, पायाने भाता मारायचा. ऑर्गनही बिघडत असे. रीडमध्ये धूळ बसून सूर मुका होई, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडके, भात्याला भोक पडे. पण ऑर्गन थोडा थोडा बिघडतो. एक सूर गेला तर वादक तो चुकवून, शेजारून वळसा घालून वाजवतो, आणि जाणकार श्रोत्याला तो वळसा कधी आवडूनही जातो. दुरुस्ती गावातला किंवा तालुक्यातला माणूस करी, पातीने रीड खरवडून. कीबोर्ड असा थोडा थोडा बिघडत नाही. डायल गेला की वाद्य आहे तिथेच गोठतं. मग एक तर ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नागपूरला न्या, हंगाम सुरू असताना, किंवा तसंच वाजवा.

ऑर्गनच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत आम्ही नाही, हेही सांगून ठेवतो. ऑर्गन जड, महाग, आणि वाजवणारे मोजके. कीबोर्डमुळे जी पोरं या खड्ड्यात येऊन बसली, ती ऑर्गनच्या काळात आली नसती. आणि बटण नसलेलं वाद्य हवं असेल तर तुकडोजी महाराजांची खंजिरी आहेच आपल्याकडे. मागे जा, असं आमचं म्हणणं नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे खरं ज्ञान आहे आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. चांगला वादक बिघाड वाचतो. एकच बटण गेलं तर दोष त्या बटणाच्या संपर्कात. एका ओळीतली चार-पाच बटणं एकदम गेली तर दोष बटणांत नाही. कारण बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत बांधलेली असतात, यंत्र एकेक ओळ तपासत जातं. ओळ गेली म्हणजे तार, रिबन केबल किंवा जोड सुटला. गाडीतल्या हादऱ्यांनी तेच होतं. अशा वेळी झाकण उघडून केबल नीट बसवली की पाच मिनिटांत काम होतं. आणि काही वेळा काहीच बिघडलेलं नसतं. 'लोकल' नावाची एक सेटिंग असते, ती बंद झाली की पट्ट्या वाजवूनही आवाज येत नाही, वाद्य मेल्यासारखं वाटतं. सेटिंग परत चालू केली की जिवंत.

उपायांतही शहाणपण आणि वेडेपणा दोन्ही आहे. रबराच्या टिकलीवर मऊ पेन्सिल घासणं, हा गावठी उपाय तर्काला धरून आहे. ग्रॅफाइट वीज वाहतं. तो फार टिकत नाही, पण एक-दोन रात्री निभावतो. स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, टिकली आणि बोर्ड पुसणं उत्तम. पण कडी-कोयंड्याला मारायचा तेलकट स्प्रे बटणात मारला की आज मोकळं होतं आणि पुढच्या महिन्यात तेलावर सगळा भुसा चिकटून चिखल होतो. खोबरेल तेल घातलेलंही आम्ही पाहिलं आहे. घालणाऱ्याने मायेनेच घातलं होतं. (हशा) वादकाने नॉबशी नातं ठेवलं आहे, असं आम्ही मघाशी म्हणालो ते यासाठी.

आता दुसरी बाजू. हे ऐकून कुणी म्हणेल, तुम्ही वादकाचं सगळं पाप बटणावर ढकलता. नाही. बटण धड असतानाही तोच टोन लावणारे आहेत. वाक्य संपायच्या आत ढुम्म करणारे आहेत, नटाला श्वास घेऊ न देणारे आहेत. त्यांना बोललंच पाहिजे. पण बोलायच्या आधी समीक्षकाने वाद्याजवळ जाऊन बघावं. हस्तलिखिताची पानं वाळवीने खाल्ली असतील तर आपण कवीला अपुरा म्हणतो का?

आणि उलटही घडतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका नाटकात आम्ही ऐकलं. कीबोर्डचा डायल संध्याकाळीच गेला होता, वाद्य एका साध्या, पोकळ तंतुवाद्याच्या टोनवर अडकलेलं. वादक तरुण होता. पहिल्या अंकात तो चाचपडला. दुसऱ्या अंकापासून त्याने वेगळंच केलं. टोन बदलता येत नाही म्हटल्यावर त्याने जागा बदलल्या. बाप-मुलाच्या भांडणात अगदी खालच्या सप्तकात एकच सूर धरला आणि बाकी गप्प राहिला. मुलगी सासरी निघते तिथे काहीच वाजवलं नाही. नटीच्या आवाजातला कंप, मागे बायांचं रडणं, एवढंच. मग पायाने व्हॉल्यूमचा पेडल हळू हळू दाबत तो सूर आणला. त्या हंगामात आम्ही ऐकलेली ती सगळ्यांत चांगली साथ होती. बिघडलेल्या बटणाने ती दिली, असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. ती त्या पोराने दिली. पण शेकडो टोनची आशा सुटल्यावर दिली, हेही खरं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या माणसाने त्याला काय म्हटलं असेल? काल म्युझिक कमी होतं. (हशा)

म्हणून आम्ही म्हणतो, समीक्षेने या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिकलं पाहिजे. लादलेला एकसुरीपणा आणि निवडलेला एकसुरीपणा. कानाला दोन्ही सारखेच वाटू शकतात. फरक कळतो तो वादकाच्या हाताकडे बघून. हात बटणाकडे जाऊन परत येतो आहे का? की तो पट्ट्यांवरच स्थिर आहे? आपल्या परीक्षणांत नेपथ्यावर परिच्छेद असतो, प्रकाशयोजनेवर असतो. साथीवर एक ओळ असते, तीही नावाशिवाय. त्या ओळीच्या जागी वादकाचं नाव, त्याच्यापुढे कुठलं वाद्य आहे, आणि ते त्या रात्री किती ऐकत होतं, एवढं तरी यावं.

वेळ संपत आला आहे. मागून एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे, वाचतो. "एवढं बटणांचं दुखणं असेल तर मंडळं नवीन कीबोर्ड का घेत नाहीत?" ताई, पहिली गोष्ट, वाद्य बहुधा मंडळाचं नसतं, वादकाचं असतं. नाटकाचा ठोक पैसा ठरतो तेव्हा त्यात नट, नटी, पडदे, लाइट, साउंड, गाडी, सगळ्याचा हिशेब होतो. वाद्याच्या झिजेचा होत नाही. कुदळीची झीज मजुराने सोसावी, तसं. दुसरी गोष्ट, नवीन घेतला तरी पुढच्या दिवाळीला पुन्हा भुसा आहे, दव आहे. त्यापेक्षा स्वस्तातलं सांगतो, वादकांनीच आम्हाला सांगितलेलं. पॅच बदलायला पायाचा स्विच बऱ्याच पॅडना आणि कीबोर्डना लावता येतो. तो वेगळा विकत मिळतो, बिघडला तर एकटा बदलता येतो, आणि हात पट्ट्यांवर राहतो. वाद्यावर कापड टाकायचं, प्लास्टिक नाही, प्लास्टिकखाली दव साचतं. आणि हंगामाआधी, नवरात्राच्या सुमारास, एकदा झाकण उघडून स्पिरिटने पुसायचं. त्या दिवसाची मजुरी ठोक पैशात धरायची की नाही, हे मंडळाच्या बैठकीत तुम्ही विचारा, ताई. तुमचे यजमान बैठकीला असतातच.